पियानोला भाता नसतो

आधी मार्थाबाईचं नाव लिहा, मंग मव्हं. पूर्णा जंक्शनच्या गार्डसाहेबाची बायको, मार्थाबाई. तिनं हात धरला म्हणून मी आज मुंबईत हाटेलात पियानो वाजवायलो आन् अंधशाळेत पोरायला शिकवायलो, न्हाई तर कुठल्या तरी फलाटावर बसलो असतो. मव्हं नाव किसन, गाव चुडाव्याच्या शिवारातलं. बोलता बोलता मी कुठं चुकलो तर तुमी खोडून टाका, तिसरी बी धड झालेली न्हाई मव्ही, लय फिकर वाटते की छापून आल्यावर शिकलेली माणसं हासतील.

आमी मेंढरंवाले. मी लहान असताना देवी आल्या आन् डोळे घेऊन गेल्या. रंगातला लाल तेवढा आठवतो, मायनं अंगणात वाळू घातलेल्या मिरच्याचा. निजामाच्या राज्यात गावात मदरसा व्हता, मी भितीला टेकून बसायचो, ऐकून ऐकून गिनती पाठ केली, पर मास्तर मव्ह्या बाला म्हणले की ह्याला पाटी दिसत न्हाई, उगं कामून आणतो, आन् मदरसा सुटला. मंग भजनातली पेटी धरली. आता पेटी म्हंजे उजव्या हातानं सूर आन् डाव्या हातानं भाता, मला वाटायचं देवानं डावा हात भाता मारायलाच दिलाय.

रझाकाराच्या धामधुमीत मेंढरं पांगली, काही कुणी कापून खाल्ली, आन् फौज येऊन राज्य बदललं तव्हा बा पूर्णेला माल धक्क्यावर हमालीला लागला. शेजारचे म्हणायचे की पोराला पेटी येते, आंधळा हाय, फलाटावर बसव की, गाडी थांबली की लोक टाकतात. बानं पंधरा दिवस त्यायच्या दारावरून जाणं सोडलं. मंग एक दिवस त्यानंच मला नेऊन बसवलं, समोर सवताचा पंचा आंथरला आन् तिथं थांबला न्हाई, लगेच गेला. काय सांगू तुमाला, माणूस पंच्यावर पैसा टाकतो तव्हा वाजवणं ऐकत नसतो, हे डोळे नसले तरी कळतं. आन् दिवसभर तेच भजन वाजवून मला इतका कटाळा यायचा की मी चाल मोडायचो, मधीच कुठं तरी भटकून यायचो, कोण ऐकायलंय म्हणून.

तर मार्थाबाई ऐकायली व्हती. नवऱ्याचा डबा घेऊन आलेली. ती बराच येळ उभी ऱ्हायली आन् तिच्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत इचारली की अशी चाल मोडायला कुणी शिकवलं रे तुला. मी घाबरलो, म्हणलो, कुणी न्हाई, चूक झाली. ती म्हणली, ही चूक करायला आमची वाजवणारी माणसं सारा जलम घालवतात. आन् सांजच्याला बा घ्यायला आला तव्हा ती परत हजर, बाला म्हणली, पंचा उचल आन् खांद्यावर टाक, उद्यापासून हा क्लबात येणार.

रेल्वेच्या क्लबात पियानो व्हता, बाई तिथं नाचाला वाजवायची. पहिल्या दिवशी काय झालं ऐका. मला बसवलं, उजवा हात पट्ट्यावर गेला, आन् डावा हात आपला मागं भाता शोधायला. मी वाकून वाकून लाकूड चाचपायलो, बाई इचारते काय हरवलं, मी म्हणतो भाता घावंना. ती इतकी हासली की क्लबाचा चपराशी पळत आला. बाबा रे, म्हणली, ह्याला हवा लागत न्हाई, ह्याला दोन हात लागतात. पर डाव्याची सवय जाईना, तो नुसता हालायचा. तव्हा बाईनं गार्डसाहेबाची लाल झेंडी आणली आन् तिनं मव्हा उजवा हात खुर्चीला बांधून टाकला. म्हणली, लाल हाय, उजव्यानं थांबायचं. डावा पांगळ्यासारखा रांगायला लागला, मंग उभा ऱ्हायला, मंग चालायला लागला. उजवा सोडला त्या दिवशी मी रडलो, खरं सांगतो, मला वाटलं मी एकटा न्हाई, दोघं जण वाजवायलेत.

तिनं जाझ शिकवलं. तबकड्या लावायची, एक एक तुकडा परत परत. मी ते मव्ह्या रीतीनं समजून घेतलं आन् अजून पोरायला तसंच सांगतो, की डावा हात म्हंजे कळपामागं चालणारा माणूस, त्यानं चाल मोडायची न्हाई. उजवा म्हंजे कोकरू. कुठं बी उधळू द्या, कुंपणात शिरू द्या, पर माणूस चालायलाय हे त्याला ऐकू येतं म्हणून ते परत येतं.

मी वाजवलेल्या पहिल्या नाचाला बा क्लबाच्या व्हरांड्यात उभा. आत लोक नाचायलेत, आन् हा चपराश्याला इचारतो की पाय कामून आपटायलेत, भांडण झालं का. नाच सरल्यावर कुणी साहेब पियानोवर पैसे ठिवायला गेला तर बाईनं त्याला थांबवलं. म्हणली, बाकीच्या वाजंत्र्यायला पाकिटात देता तसं ह्याच्या हातात द्या, मजुरी म्हणून द्या. बानं चुडाव्याला जाऊन सांगितलं की पोरगा रेल्वेत लागला. मी म्हणलो बा, रेल्वेत न्हाई. तो म्हणला, तू गप ऱ्हाय.

मंग साहेबलोक एक एक करून इलायतेला गेले, नाच बंद पडले. बाईचा भाऊ मुंबईला हाटेलाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा, तिनं मला त्याच्याकडं धाडलं. बँडमास्टर म्हणला, मी डोळ्यानं इशारा करतो, ह्याला काय दिसणार. पर ट्रम्पेटवाला फुंकायच्या आधी श्वास घेतो ना, मी त्याच्यावर चालायचो. गाव लांब, जबान येगळी, उपाशीच झोपावं वाटायचं, पर वाजवायला बसलो की ठीक व्हायचं.

दिवसा अंधशाळेत शिकवायला लागलो. तिथल्या पोरायला येताच्या काड्यायनं खुर्च्या इणायला शिकवायचे, त्यात वाईट काही न्हाई, पर मी पियानो बी शिकवला. आन् एक दिवस सेक्रेटरीसाहेब म्हणले की शाळेला पैसा पाहिजे, ऐतवारी पोरं स्टेशनाबाहेर उभी करा, पेटी द्या, गळ्यात डबा अडकवा. सगळे हो म्हणले. मी म्हणलो,

"साहेब, पोरं वाजवतील, पर डबा गळ्यात घालून न्हाई वाजवणार."

ते म्हणले, किसन, तुझी नोकरी कच्ची हाय, शिक्षण न्हाई, आंधळे मास्तर मला ढीगभर भेटतील. खरंच व्हतं ते. मी म्हणलो, पोरायचा जलसा करा, तिकीट लावा, आमच्या हाटेलाचा बँड मी फुकट आणतो. तोंडातून निघून गेलं, बँडमास्टरला मी इचारलं बी नव्हतं! त्या रात्रीच्या भीतीचं काय सांगू. गावाकडं कोणत्या तोंडानं जाऊ, हेच एक डोक्यात. बँडमास्टरनं घाण घाण शिव्या दिल्या, मव्ह्या खानदानाला दिल्या, पियानोवाल्याच्या जातीला दिल्या, आन् शेवटाला इचारलं की कपडे कोणते घालायचे.

शाळेचा हाल माणसायनं भरला. मव्हा शागीर्द सखाराम, येताच्या कामात बोटं फाडून घेणारा पोरगा, त्या बँडासंगं पियानोवर बसला. मी मागं भितीपाशी उभा. त्याचा उजवा हात असा उधळला की मला वाटलं, आता हा येत न्हाई, आता गेला, आन् डावा चालतोय, चालतोय, आन् आला बगा तो परत. लोक उभे ऱ्हायले. मी तिथंच भितीला धरून बसलो. सेक्रेटरीसाहेब जवळ आले, मव्हा हात हातात घेतला. नोकरी पक्की झाली. डबा कुणा पोराच्या गळ्यात आला न्हाई, त्याचं पुढं काय केलं ते मी इचारलं बी न्हाई. आता शनवारी हाटेलात मला सुट्टी असते, सखाराम वाजवतो, आन् मी पैसे देऊन गिऱ्हाइकासारखा ऐकायला बसतो.

बाई पूर्णेलाच हाय. गार्डसाहेब गेले, त्यायची कबर तिथं हाय, ती कुठं गेली न्हाई. बोटं आखडलीत, वाजवता येत न्हाई, असं मी धाडलेल्या माणसाजवळ सांगितलं तिनं, आन् क्लबाचा पियानो कुलपात पडून बेसूर झालाय म्हणली. मी आता पियानो सुरात लावायचं काम शिकायलो. तार ताणायला जोर लय लागतो, पर हमालाचा पोरगा हाय मी. शिकणं पुरं झालं की पूर्णेला जाणार, तो पियानो सवताच्या हातानं लावून देणार, सखारामाला आन् बाकीच्या पोरायला तिच्यासमोर बसवणार. बाई, तवर जगा. हे तुमी लिहा, आन् छापल्यावर तिला कुणाकडून तरी वाचून दाखवा, म्हंजे मला माघार घेता येणार न्हाई.