दुसऱ्यात जाईचना

...तर दुसऱ्यात जाईचना हो. तुम्हाला सांगतो, काटा साठवर, इंजिन किंचाळतंय, रस्त्यावरची माणसं वळून बघतायत, आणि गाडी आपली पहिल्यातच. ऑटोमॅटिक म्हणजे गिअर तिचा तिने टाकायचा, आपण नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं... आणि मग बाईसाहेबांच्या मनात आलं की दाणकन दुसरा. माझे दात एकमेकांवर आपटले. शेजारी बायको. म्हणते, "तू काय केलंस?" मी काय केलं? मी काय करणार?

गाडी सासऱ्यांची. पंचावन्न वर्षांची, म्हणजे माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, आणि घरात मानही त्याच हिशेबाने. तिला कुणाला हात लावू देत नाहीत. पण बायपासच्या ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून त्यांनी हात कुणाचा धरला? लेकीचा? छे, माझा. मला भरूनच आलं. म्हणाले, "जावईबापू, मी घरी येईन तो माझ्याच गाडीतून. आणि तिला काही झालं ना, तर..." आणि दार बंद झालं. आठ दिवस ते वाक्य मी मनातल्या मनात पुरं करतोय. एकदाही चांगलं संपलेलं नाही.

त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी म्हटलं, जरा चालवून बघू. तर हे असं. दुसऱ्यात जाईचना. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, "छातीचं हाड तारेने जोडलंय. धक्का बसता कामा नये." आता सांगा, काय करायचं माणसाने?

मोठ्या गॅरेजवाल्याने खुर्चीतून न उठता आवाज ऐकला. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तीन आठवडे."

"उद्या अकराला न्यायचीय हो."

"मग टॅक्सी करा."

टॅक्सी. बायको म्हणाली, "टॅक्सी बघितली की बाबांना वाटेल गाडी गेली. तिथल्या तिथे परत आत न्यावं लागेल." आणि रडायलाच लागली. मग तिनेच तिच्या मावशीला फोन लावला. मावशीने बसच्या डेपोत तीस वर्षं गिअरबॉक्स उघडण्यात घालवलीत.

सकाळी आठला मावशी हजर. इंजिन गरम केलं, चालूच ठेवलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत बुडवली, हुंगली. "तेल लाल आहे, पातळी बरोबर, जळका वास नाही. पोटात काही बिघाड नाही, जावईबापू. तुम्ही कशाला पांढरे पडताय?" आणि साडीवर डेपोतला जुना कोट चढवून गेली की गाडीखाली. साडेआठ... नऊ... खालून नुसतं "हं" येतंय. सव्वानऊला बाहेर आली ती बोटभर रबरी नळी घेऊन. मधोमध चिरलेली. म्हणाली, "इंजिनावर जोर किती, हे गिअरबॉक्सला या नळीतून कळतं. ही हवा खातेय. त्यामुळे त्या बिचाऱ्याला वाटतं, गाडी कायम घाट चढतेय. मग तो कशाला लवकर दुसरा टाकेल?"

नवी नळी बसवली. चालवून बघितली, काटा पंचविसावर आणि दुसरा पडला, कळलासुद्धा नाही. पण मनाची खात्री पटते का हो? अकराला सासरे पुढे बसले, छातीशी उशी धरून. बायको मागे, श्वास रोखून. दहा... वीस... माझा घाम डोळ्यात. पंचवीस.

सासऱ्यांनी छातीवर हात ठेवला. "थांबवा."

संपलं, म्हटलं. गाडी कडेला घेतली.

"आत्ता दुसरा पडला?"

"हो."

"धक्का बसला नाही."

मी सगळं सांगितलं, नळी दाखवली. त्यांनी नळी हातात घेतली, चिरलेल्या जागी बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सहा महिने तो धक्का गाडीचा होता? हल्ली कमी ऐकू येतं, इंजिनचा आवाज मला येत नाही. मला वाटायचं, छातीतच बसतोय. म्हणून तर डॉक्टरकडे गेलो."

गेले, आणि तीन ठिकाणी हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या. अजून महिनाभर थांबले असते तर... डॉक्टरही पुढचं बोलले नव्हते. मागे बायको हुंदके देत होती.

आता ती चिरलेली नळी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, मखमलीवर. येईल त्याला सासरे दाखवतात, "हिने मला वाचवलं." त्या जागी आधी माझा फोटो होता. तो फ्रिजवर ठेवलाय... पालथा.