मामा उभे राहिले ते कुणासाठी

सासऱ्याला घेऊन मॅचला जाऊ नका, आधीच सांगून ठेवतो. आमचे सासरे, म्हणजे मामा, जळकोटकडच्या एका गावचे जुने सरपंच. वर्ल्ड कपची मॅच दाखवायला त्यांना पार अहमदाबादला नेलं.

मॅच ऐन रंगात आली आन् पब्लिकनं लाट सुरू केली. एकेका बाजूचे लोक हात वर करून उठायचे, लगेच बसायचे. लाट आमच्यापर्यंत आली तसे मामा टोपी सावरून उठले आन् हात जोडले.

"जावईबापू, कोण आलंय?"

"कुणी न्हाई मामा, गंमत असती ती. बसा."

"गमतीसाठी येवढं पब्लिक उठतंय व्हय? मोठा पाहुणा हाय कुणीतरी."

लाट पुढं गेली तरी मामा उभेच. मागून कुणीतरी ओरडलं, "अंकल, बैठो ना!"

मामांनी त्यालाच झापलं, "पाहुणे यायच्या आधी बसतो? शरम न्हाई?"

आन् मैदानाकडं पाठ करून ते गेटाकडं बघत राहिले. तेवढ्यात शेवटची विकेट पडली. आपण जिंकलो! सगळं स्टेडियम उठून नाचायला लागलं.

मामा खुश होऊन म्हणाले, "बघा, आले का न्हाई?" आन् एकटेच निवांत खाली बसले.