आधी बस, मग जलेबी

पालकसभेत पोहे-जलेबी आधी द्यावी की शेवटी, तू काय ठरवलं असतंस गं? माझ्या मुक्ताच्या शाळेत नाश्ता नेहमी आधी असायचा. मग स्नेहसंमेलनाच्या कपड्यांवर वाद व्हायचा आणि स्कूलबसचा विषय निघेपर्यंत निम्मे पालक घरी गेलेले असायचे. बस शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे थांबायची. सहावीतली माझी पोर एकटी रस्ता ओलांडायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

या खेपेला विषयांचा क्रम लावायचं काम माझ्याकडे आलं. मी बस पहिली लिहिली आणि नाश्ता शेवटी.

सभेत शेजारचे शर्माजी म्हणाले, "भाभीजी, जलेबी ठंडी हो रही है."

"बस का तय हो जाए भाईसाहब, तुरंत परोसती हूँ."

मुख्याध्यापिका माझ्या कानाशी कुजबुजल्या, "लोग उठकर चले जाएँगे."

मलाही तीच भीती होती. पण जलेबी सोडून कोणी उठेना.

शेवटी शर्माजीच वैतागले. "अरे मैडम, बस घुमाकर इस तरफ रुकवा दीजिए. इसमें सोचना क्या है?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिकांनी तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस शाळेच्या बाजूला थांबली.