नाही म्हणा, पण शिक्का मारा

…आणि वर मलाच विचारते, "सेन्योर ओलेगारियो, हे बाराच्या बारा शिक्के इतके स्वच्छ कसे हो उठलेत?" आता बोला! तुम्हाला सांगतो, ज्या गोष्टीसाठी लोकांनी जन्मभर पाठ थोपटली, त्याच गोष्टीसाठी कुणी असं चष्म्यावरून बघावं, चोराकडे बघावं तसं… थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिचीच बाजू घ्याल.

मी ओलेगारियो. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं रबरी शिक्के केले. आमच्या गावातल्या कुठल्याही दुकानात जा, गल्ल्याशेजारी जो शिक्का पडलेला असेल तो माझ्या हातचा. कारखान्याचा मालक म्हणायचा, "दुकान बुडालं तरी शिक्का राहिला पाहिजे." तसेच करत आलो, गाढव मी! शिक्का झिजेचना, मग नवा घेणार कोण? त्यात कॉम्प्युटर आले, कारखान्याला टाळं लागलं, आम्ही सातजण रस्त्यावर. आता म्हणे जगाला शिक्क्यांची गरजच उरली नाही. उरली फक्त एका माणसाला. कुणाला? मला!

कारण माझा बेकारी भत्ता महिनाअखेर संपणार होता. मुदत वाढवून हवी तर एक फॉर्म, त्यावर बारा चौकोन. बारा धंदेवाल्यांकडे जायचं, काम मागायचं, त्यांनी नाही म्हणायचं आणि नाही म्हटल्याचा शिक्का चौकोनात मारायचा. तोंडी 'नाही' चालत नाही! तोंडी 'नाही' तर माझ्याकडे तीन वर्षांचं पोतंभर साठलंय, पण ते कचेरीत ओतून दाखवता येतं का?

आणि घरी काय, तर इदालिनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाटावरची मोठी बॅग काढून दारामागे उभी केलेली. म्हणाली, "मुदत वाढली तर बॅग वर. नाही वाढली तर लक्झेंबर्ग." लक्झेंबर्गला मुलगा असतो. दोन खोल्या, सून, दोन नातवंडं आणि एक सोफा. तो सोफा मी बघून आलोय. एकजण झोपला तर पाय बाहेर, दोघं झोपली तर एकजण बाहेर. या वयात परमुलखात जाऊन पोराच्या सोफ्यावर… घाबरलो होतो हो मी. चेष्टा नाही, खरंच घाबरलो होतो.

तर गेलो पहिल्यांदा बेकरीवाल्या झुल्मिराकडे. "बाई, काम आहे का?" तर म्हणते, "काम? अरे, मी नवऱ्यालाच घरी बसवलाय, तुला कुठून देऊ? पाव हवाय का?" म्हटलं, "पाव नको. नाही म्हणा, पण शिक्का मारा!" तिनं ओट्याखालून शिक्का शोधला, फूं करून मारला. अर्धाच उठला! "तूच केलायस ना हा? मग तूच बघ," म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. बघतो तर सोळा वर्षांचं पीठ अक्षरांच्या फटीत दगडासारखं बसलेलं. खिशातला चाकू काढला, चिंधी मागितली, बसलो पिठाच्या पोत्यावर… आणि तुम्हाला सांगतो, तासभर मला आठवलंच नाही की मी बेकार आहे. हाताला सगळं येत होतं. शिक्का मारला तर असा उठला, असा उठला, की झुल्मिरा गिऱ्हाईक सोडून बघायला आली. "थांब, दोन पाव तरी घेऊन जा." मी दोन पावलं मागे! "नको बाई! पाव म्हणजे मोबदला, मोबदला म्हणजे काम, आणि काम म्हणजे भत्ता बंद!"

झालं! दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा… ओलेगारियो शिक्के फुकट दुरुस्त करतो! जिथे जावं तिथे तेच. "काम आहे का?" "नाही. पण आलाच आहेस तर एवढा शिक्का बघ." इदालिना कपाळाला हात लावून म्हणते, "अरे, दिवसभर राबतोयस, पैसे तरी घे!" म्हटलं, "पैसे घेतले तर मी बेकार कसा?" तर म्हणते, "मग राबू नकोस." म्हटलं, "राबलो नाही तर बेकार असल्याचा पुरावा कुठून आणू?" तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, बॅगेकडे एकदा बघितलं आणि कांदा चिरायला घेतला.

आणि तो सेराफिम! अंत्यविधीचं सामान विकतो तो. त्याचा शिक्का नीट केला, तर हात पकडून म्हणतो, "काय हात आहे रे तुझा! फुकट चाललाय. उद्यापासून माझ्याकडे ये, शवपेट्यांवरची नावं कोर." मी फॉर्म घडी घालून खिशात टाकला, म्हटलं गेले खड्ड्यात ते बारा चौकोन! "खरंच?" "खरंच! फक्त माणसं मरायला हवीत. तीन महिन्यांत एक नाही रे! गावात सगळे म्हातारेच उरलेत, पण एकेक असला चिवट…" मी फॉर्म परत काढला. घडी सरळ केली. म्हटलं, "सेराफिम, नाही म्हण, पण शिक्का मार."

असे बारा जमवले आणि शेवटच्या दिवशी कचेरीत. टोकन घेतलं, माझ्या मागे हीऽऽ रांग. खिडकीत डॉक्टर फेलिस्मिना. औषध वगैरे देत नाही ती, पण आमच्याकडे कॉलेज शिकलेल्याला डॉक्टर म्हणायचं, नाहीतर आपला कागद गठ्ठ्याच्या तळाशी जातो. तिनं फॉर्म उजेडात धरला आणि तो प्रश्न, शिक्के इतके स्वच्छ कसे? "हे सगळे एकाच हातचे दिसतात." आता गप्प बसावं की नाही? पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी नुसत्या ठशावरून माझा हात ओळखला हो! मी छाती फुगवून म्हटलं, "हो! माझ्या!"

"म्हणजे खोटे?"

"खोटे कसे, डॉक्टरबाई! शिक्के कधीच केलेले, या पंधरवड्यात नुसते दुरुस्त केले."

"म्हणजे पंधरवडाभर तुम्ही काम करत होतात?"

"काम कसलं, फुकट!"

बाई विचारात पडली. मी खोटारडा की कामकरी, याचाच तिला उलगडा होईना. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाली, "माझ्याकडे ना ह्याचा पुरावा, ना त्याचा. मंजूर करावं लागेल." खण उघडला, 'मंजूर'चा शिक्का काढला… माझाच! मूठ नवीकोरी, जणू कुणाचा हातच लागलेला नाही! मारायला गेली तर तारखेचं चाक फिरेना. कधी काळी कुणाला तरी मंजूर केलं होतं, त्या तारखेवर गंजून बसलेलं. बाई ओढते, हिसडते, टेबलावर आपटते. "या तारखेचं मंजूर चालणार नाही." आणि मागून रांग ओरडतेय!

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझा शिक्का, माझी मंजुरी, आणि मी हाताची घडी घालून बघत राहू? म्हटलं, "आणा इकडे." चाकू काढला, गंज खरवडला, बाईच्याच हातावर लावायच्या तेलाचे दोन थेंब सोडले, आणि चाक कसं, लोण्यासारखं फिरलं! टाळ्या वाजवल्या हो रांगेनं! बाईसुद्धा हसली. मग हळूहळू हसायची थांबली. म्हणाली, "सेन्योर ओलेगारियो, आता मी डोळ्यांनी पाहिलं."

"काय?"

"तुम्ही काम करताना."

पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अर्जदार प्रत्यक्ष कामात आढळला.' तोंड बिचारीचं रडवेलं झालेलं, "खोटं कसं लिहू हो मी?" म्हणते. आणि टेबलावरचा 'नामंजूर' उचलून मारला. तोही माझाच. रोजच्या वापरातला, त्यामुळे काही अडलं नाही. आणि काय सुरेख उठला होता, एक कडा पुसट नाही! माझ्या मागच्या बाईला मात्र मंजूर. गुळगुळीत चाकानं, आजच्या तारखेचं.

खाली बारीक अक्षरात छापलेलं, तीस दिवसांत फेरअर्ज करता येईल. सोबत बारा शिक्के. आधीचे बारा सोडून! आमच्या गावात दुकानंच बारा. तिथेच नवा फॉर्म घेतला आणि विचारलं, "डॉक्टरबाई, तुमच्या कचेरीत शिक्के दुरुस्तीचं काम आहे का?" "नाही हो." आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं पहिल्या चौकोनात शिक्का मारला.

म्हणजे एक झाला, अकरा राहिले. बॅग अजून दारामागेच आहे, येता-जाता पायाला लागते. तर म्हटलं, तुमच्यात कुणाचं दुकान-बिकान आहे का? काम असलं तर आत्ता उठून येतो, चप्पलसुद्धा घालणार नाही. नसलं तर नाही म्हणा, पण शिक्का मारा… आणि झिजलेला असेल ना, तर हात जोडतो, झिजलेलाच मारा!