तो बाजा गोऱ्याइचा नाई

माहं नाव गणपत. पण कारंज्यात गणपत म्हनून इचारसान तं कोनी सांगनार नाई, वस्ताद म्हना, लहान लेकरूही हात धरून माह्या दारात आनून सोडीन. जनम मेडशीचा. आमी मांग, वाजंत्री. माहा बाप डफडं वाजवे, त्याचा बाप डफडं वाजवे, पोळा आला का पाटलाच्या बैलाइपुढं आमी, लगन असलं का नवरदेवाच्या घोड्यापुढं आमी, कोनी मेलं का तिरडीपुढंही आमीच. शाळा म्हनसान तं मले सही करता येते आन् दुकानावरची पाटी वाचता येते, तेवढ्यावर माहं आजवर काही अडलं नाई. कोनापुढं वाकलो नाई म्हनत नाई, वाकलो, पण मोडलो नाई, हे लिहून घ्या पहिले.

पहिल्या मोठ्या लढाईत सरकारनं मजुराइची भरती काढली तवा मी गेलो. लढाले नाई, ओझे उचलाले. माय रडली, म्हने काहून जातं रे इतक्या दूर, मी म्हनलं अवो इथी तरी काय करून राह्यलो, तठी पगार तं भेटन. आगबोटीत ओकून ओकून आतडे गळ्यात आले आन् उतरलो कोठी, तं फ्रान्सात, एका बंदरावर. थंडी अशी का मिशीवर बरफ. त्याच धक्क्यावर मले अमेरिकेचे काळे शिपाई दिसले. काय सांगू तुमाले, मले वाटे अमेरिका म्हनजे सगळे गोरेच असतीन, आन् हे तं माह्यापेक्षाही काळे, मोठ्या हाडाचे, आंगात सरकारी कपडे आन् काम आमचंच, जहाजातून पोते उतरवनं. त्याइच्यात एक हेन्री होता, आमी त्याले हरी म्हनो. त्याच्याजोळ एक पितळी बाजा होता, तोंडानं फुकाचा. आमचा मुकादम नागपूरचा किरिस्ताव, त्याले इंग्रजी येत होती, तो मधात बसे, हरी बोले आन् मुकादम आमाले सांगे.

ते लोक पोतं उचलताना गानं म्हनत. एकजन हाक देल्यासारखी ओळ टाके, बाकीचे जबाब देत, आन् जबाब जठी पडे तठीच पोतं खांद्यावर चढे. ताल पाहून मी पागल झालो. मी इचारलं हे कोनं शिकवलं, हरी म्हने आज्यानं, कापसाच्या वावरात. मी म्हनलं कापूस तं आमच्या इकडं मस्त पिकते, हे तं आपल्याच घरची गोठ निंगाली. तो म्हने तुमचा कापूस कोन वेचते. मी म्हनलं बाया वेचते, रोजानं. तो म्हने आमचा विकत घेतलेले मानसं वेचत.

मी मुकादमाले म्हनलं तू चुकीचं सांगून राह्यला, पुन्हा इचार. त्यानं पुन्हा इचारलं. तेच. मंग हरीनं आपलं तोंड उघडलं, बोटानं ओठ वर केला आन् दाखवलं का असे दात पाहून माह्या आज्याले बजारात घेतलं. मी आमच्याकडच्या बैलबजारात लहानपनापासून उभा राह्यलेला मानूस, दात कसे पाहते, पाठीवर हात कसा मारते, पाय कसा उचलून पाहते, सगळं मले ठावं. मी तसाच पोत्यावर बसलो. मानसाचे दात! 

मी म्हनलं, बरं, पण ढोल तं असन त्याइच्याजोळ. तं हरी म्हने नाई, ढोल हिसकावून घेतले. मालकाइले भेव, का ढोलावर एका वावरातले लोक दुसऱ्या वावरातल्याइले निरोप देतीन आन् सगळे उठतीन. मंग त्याइनं काय केलं, तं आंगाचाच ढोल केला. त्यानं मले वाजवून दाखवलं, मांडीवर, छातीवर, गालावर, पाय जमिनीवर आपटून, आन् तो ताल, काय सांगू, जठी पडाले पायजे तठी नाई पडे, उलसा आंधी पडे, आन् मानूस वढल्यासारखा पुढं जाय. आमच्या गावात काय, तं वाजव, घरचं ढोर मेलं तरी ये, ताप असला तरी ये, नाई आला तं पाठ सोलीन. आन् त्याइच्या गावात काय, तं वाजवशीन तं पाठ सोलीन. इथी ढोल गळ्यात घालून मारलं, तठी ढोल हिसकावून मारलं. मार तोच.

मंग हरीनं पुढचं सांगतलं. गोरे लोक त्याइचे गाने आयकत, आन् गोऱ्याइच्याच पोट्ट्याइनं बुच जाळून त्याचा कोळसा तोंडाले फासला, फाटके कपडे घातले, आन् काळ्याइची नक्कल करून तमाशा मांडला. गानं काळ्याचं, चाल काळ्याची, तिकिटाचा पैसा गोऱ्याचा. लोक पोट धरून हासत. मंग गुलामी सुटली कागदावर. मोकळे झालेले लोक देवाच्या घरी गाले लागले, कोनी एकटाच तारा छेडत दुखाची ओळ दोनदा म्हने आन् तिसऱ्या ओळीनं त्याचा जबाब दे, कोनी पलटनीतले टाकून देल्लेले पितळी बाजे स्वस्तात घेतले. हे सगळं एका जागी मिसळलं, त्याले म्हनते जाझ. आन् आता तेच गोऱ्याइले पायजे, त्याच्याबिगर त्याइचा नाच होत नाई. हरी म्हने, सायबाइच्या नाचाले मी बाजा वाजवतो, पण आत जातो मांगच्या दारानं. मी म्हनलं, तू आत तं जातं लेका, आमाले मांडवाच्या बाहेरच उभं करते.

त्यानं मुकादमाकडं पाह्यलं. आता त्याले वाटलं मुकादम चुकीचं सांगून राह्यला. तो म्हने, तुमाले तं कोनी विकत घेतलं नाई, मंग काहून? मी मुकादमाच्या तोंडाकडं पाह्यलं, मुकादम माह्या. लढाई संपली, तो त्याच्या जहाजात गेला, मी माह्या.

वापस आलो तं हरीनं शिकवलेलं फुकनं होतंच, मुंबईत मोडीच्या बजारात पगारातून एक पितळी बाजा घेतला, चेपलेला, आन् कारंज्यात बँड काढला. कारंजा व्यापाराचं गाव, कापसाचा पैसा, लगनं जोरात. श्रीमंताइच्या घरी ग्रामोफोन आले होते, त्याच्यावर इंग्रजी तबकड्या वाजत, आन् मंग लगनात सगळ्याइचं एकच, वस्ताद, विलायती चीज होऊ द्या. माहे पोट्टेही म्हनत आमाले विलायती शिकवा. मी म्हनो, तो बाजा विलायती नाई आन् गोऱ्याइचा तं बिल्कुल नाई. पहिले तो कोनाचा ते आयका, मंग हात लावा. नव्या पोट्ट्याले मी महिनाभर ढोलाले शिवू देत नोयतो. म्हनो तुहा ढोल मालकानं नेला, आता वाजव. बसत मंग मांड्या लाल करत.

त्याइच्यात सुदाम नावाचा पोट्टा होता, जिभेनं तिखट, ढोलावर त्याच्यासारखा हात पुन्हा पाह्यला नाई. तो म्हने, वस्ताद, लोकाइचे वस्ताद सूर शिकवते आन् तुमी बैलबजार शिकवता. सगळे हासत, मीही हासो. पण दाताची गोठ सांगतली का तोच सगळ्यात आंधी चूप होय. मले माहीत होतं, हा पोट्टा माह्यामागं बँड चालवीन. माह्या पोटी लेकरू नाई, तुमाले सांगतो, त्या सुदामावरच माहा सगळा जीव.

आन् मंग मेडशीकडच्या एका गावातल्या पाटलाच्या पोराचं लगन आलं. सुपारी घेतली, गेलो. वरात निंगाली, नवरदेव घोड्यावर, त्याच्या मांगं नागपूरले शिकनारे त्याचे दोस्त. ते म्हने विलायती लावा, आमी लावलं, हरीचीच चाल. तेवढ्यात त्याइच्यातला एक पोट्टा सैपाकाच्या चुलीकडून आला, तोंडाले तव्याची काजळी फासलेली, गळ्यात घासलेटचा डबा, आन् लागला माही नक्कल कराले. गाल फुगवे, पावलापावलाले वाके, जी मायबाप, जी मायबाप. वरात पोट धरून हासाले लागली. मले हासनारे मी लय पाह्यले, त्याचं मले काही नाई. पण माह्या मांगचा ढोल बंद पडला.

सुदाम माह्यापुढं येऊन उभा. म्हने, वस्ताद, हे तं तेच होय ना जी, तुमी सांगतलं ते, कोळशाचं? मी डोळ्यानं खुनावलं वाजव म्हनून. तो म्हने, तुमीच सांगतलं. मी बाजा तोंडातून काढला, म्हनलं सुपारी घेतली आहे, वाजव मुकाट्यानं. तो म्हने, सुपारी तुमी घेतली. आन् त्यानं गळ्यातला ढोल उतरवला, त्या काजळीवाल्या पोट्ट्यापुढं धुळीत ठेवला, म्हने घ्या दादा, हाही घ्या, डबा कायले वाजवता. आन् पाठ फिरवून चालाले लागला. त्याच्या मांगं दुसरा, मंग तिसरा, सगळेच.

आपलंच बोलनं दुसऱ्याच्या तोंडून असं थापडीसारखं येऊन पडते, हे मले माहीत नोयतं. मी सांगतलं होतं ते अमेरिकेचं, समुद्रापल्याडचं, आन् हा पोट्टा ते घेऊन या गावात, या धुळीत, माह्यापुढं उभा. मंग कोनीतरी वरडलं, धरा रे त्याइले, माजले. दोघाचौघाइनं काठ्या उचलल्या. मी बाजा तोंडाले लावला आन् फुकलं. एकट्यानं. छाती फुटस्तोवर फुकलं. घोडा बिचकून पुढं झाला, नवरदेव वरडला अरे चाला, मुहूर्त जाईन, आन् वरात माह्या मांगं वळली. मांडवापर्यंत मी एकटा वाजवत गेलो.

त्याच्यानंतर पोट्टे आले नाई. सुदाम कारंज्यात कापसाची सरकी काढाच्या जिनात कामाले लागला. रस्त्यानं दिसला का मान वळवून जाय. वस्तीत लोक म्हनत वस्तादानं सुपारीसाठी पोट्टे सोडले, सुदाम मोठा झाला आन् वस्ताद लहान. मी काही बोललो नाई. चेल्याले कायचा हिशोब द्याचा? बँड मोडला तं मोडला. बायको म्हने जाऊन बोला ना, मी म्हनलं त्याचे पाय मोडले काय?

असे लय वर्स गेले. आता ही दुसरी लढाईही झाली. सुदामाचे केस पिकले. त्यानं वस्तीत नवा बँड काढला, सनामनाले आपल्याच लोकाइच्या घरी वाजवते, दुसऱ्याच्या मांडवाबाहेर उभा राहत नाई. एक रोज त्याची पोरगी, गोदी, आली, म्हने आजोबा, बाबाइले ते अमेरिकेचं नीट आठवत नाई, पोट्ट्याइले शिकवाचं आहे, तुमाले बलावलं. मी म्हनलं बापाले सांग आपल्या पायानं ये. तं तो आला. दारात उभा राह्यला, म्हने चाला जी. मी म्हनलं चाल.

तठी जाऊन पाहतो तं काय, बेट्याले सगळं पाठ होतं! मले आनाले खोटं बोलला होता. वस्तीतले पोट्टे, पोरीही, समोर बसलेले, आन् तो सांगून राह्यला, दात, कापूस, ढोल हिसकावले, कोळसा, पितळी बाजे, जाझ, एक शब्द इकडचा तिकडं नाई. मी मनात म्हनलं वा रे पठ्ठ्या. आन् मंग तो थांबलाच नाई. म्हने, मंग हेच सोंग आपल्या इथी एका लगनात निंगालं. काजळी सांगतली, डबा सांगतला, ढोल खाली ठेवला ते सांगतलं, म्हने आमी सगळे निंगून आलो, वस्ताद वाजवत राह्यले. अमेरिकेच्या त्या गोठीत मी! आन् तोही असा.

गोदीनं इचारलं, काहून वाजवत राह्यले? सुदाम म्हने, ते काय बसले, त्याइलेच इचार.

सगळे लेकरं माह्याकडं पाहून राह्यले. मी म्हनलं, सुपारी घेतली होती. मंग म्हनलं, आन् तुह्या बापाच्या मांगं काठ्या निंगाल्या होत्या. बाजा बंद पडला असता तं सगळी वरात त्याइच्या मांगं धावली असती. बाजा चालू असला का वरातीचे पाय बाज्यामांगं जाते. मी वाजवत राह्यलो, तवर तुहा बाप आन् बाकीचे पोट्टे गावाबाहेरचा वढा पार करून गेले.

सुदाम म्हने, हे आजवर काहून नाई सांगतलं? मी म्हनलं, तू इचारलं कधी? निंगून गेला तं गेला, मांगं वळून तरी पाह्यलं काय? तो म्हने, नाई जी. पोरगी म्हने, बाबा, मंग हेही सांगा लागन ना आता? तो म्हने, सांगा लागन.

आता तुमी म्हनसान सुपारीसाठी का पोट्ट्याइसाठी. दोन्हीसाठी. कोनतं आंधी ते मलेही माहीत नाई, आन् माहीत असतं तरी सांगतलं नसतं. दात गेले, बाज्यात फुक जात नाई, सूर तोंडानंच सांगतो. दर रईवारी गोदी बलावाले येते, मी म्हनतो जाय, मी नाई येत. मंग जातो. लेकरं शिकून राह्यले, शिको. त्याइचं भलं होवो, आन् तुमचंही होवो, इतका येळ म्हाताऱ्याचं आयकलं.