सिग्नलवाल्याची लेक

माझं जन्माचं नाव हेल्गा, निकाहाचं नाव हलीमा, आणि बाणकोटच्या खाडीवर मला सगळे गोरी भाबीच म्हणायचे, तेव्हा ताई, तुम्हाला जे सोपं वाटेल ते लिहा. मराठी माझी सासूने शिकवलेली, म्हणून ती अशी आहे, खाडीकडची, जुनी. इथं अरबांच्या मुलखात, यान्बूत, आपल्याकडची माणसं भेटली की आधी हसतात, ही युरोपातली म्हातारी आणि बोलते आमच्या आजीसारखी, आणि मग हळूच विचारतात, तुम्ही मूळच्या कुठच्या. मूळ कुठलं, काय सांगू तुम्हाला, तोच तर सगळा घोळ आहे.

मी जन्मल्ये ती उत्तर जर्मनीत, लढाई संपल्यावर, निर्वासितांच्या छावणीतल्या लाकडी बराकीत. माझे आईबाप तिथले नव्हतेच, ते लांब पूर्वेकडचे, तो मुलूख आता दुसऱ्या देशात गेला. शत्रूची फौज आली तशी आई माझ्या थोरल्या भावाला कडेवर घेऊन बर्फातून चालत निघाली, बाप मागाहून येऊन मिळाला. बरोबर काय आणलंन तर अंगावरचा कोट आणि डोक्यातल्या कविता. शाळेत पाठ केलेल्या, लांबच्या लांब. बटाटे सोलताना ती म्हणायची, बराकीची भिंत पातळ, पलीकडची बाई पण काम थांबवून ऐकत बसायची. आणि कविता सुरू झाली की बाप उठून बाहेर कोंबड्यांकडे जायचा. पूर्वेकडे असताना तो रेल्वेत होता, एका लहानशा स्टेशनावर सिग्नल द्यायचं काम. इकडे आल्यावर रेल्वे त्याला परत घेत होती, त्याने घेतलंन नाय, विटांच्या भट्टीवर गेला. का ते आईने विचारलंन नाय, आम्ही पण नाय. तेव्हा आमच्याकडे कोणी कोणाला काही विचारायचंच नाय, सगळी माणसं पुढे बघून चालायची. पण चांगला बाप होता हो. माझे ओले बूट चुलीजवळ सुकत ठेवायचा, सकाळी पाय घातला की ऊब असायची, ती ऊब मला अजून आठवत्ये.

मग मी हॅम्बुर्गला नर्स झाल्ये, बंदराजवळच्या हॉस्पिटलात, आणि तिथं इब्राहिम आला, बोटीवरचा फिटर, पाय मोडलेला. त्याला जर्मन येईना, माझं इंग्रजी जेमतेम. पट्टी बांधताना मी सवयीने आईची कविता पुटपुटत होत्ये, तो म्हणाला, परत म्हणा, एक शब्द कळत नाय पण दुखायचं थांबतं. एवढ्यावरच झालं बघा सगळं. आई रडली. बापाने एकच विचारलंन, तिकडे हिवाळा असतो का गं. मी म्हटलं, नाय. तो म्हणाला, मग जा.

खाडीवर सासूजवळ मी काही वर्षं राहिल्ये, इब्राहिम बोटीवर. यूसुफ तिथंच झाला. सासू मोठी करारी बाई, मला मासे कापायला शिकवलंन, तांदळाचं गोड सांदण करायला शिकवलंन, आणि मी परसात एकटीच जर्मनमध्ये बडबडताना सापडल्ये तेव्हा म्हणाली, काय गं, कोणाला शिव्या घालतेस. मी म्हटलं, अम्मा, कविता आहे, माझीच आहे. मग म्हणाली, आमच्या बोलीत सांग. मी मोडकंतोडकं सांगितलं, की भरती आली की होडी उठते आणि माझं मन बांधलेलंच राहतं. ती दळता दळता थांबली आणि म्हणाली, अगं हे तर जात्यावर म्हणण्यासारखं आहे, आणि तिने पुढची ओळ स्वतःच जोडलीन, दोरी ज्याने बांधली त्याच्या हातात सुरी नाय. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. तेव्हापासून मी जे काय रचायची ते आधी सासूला ऐकवायची.

मग इब्राहिमला यान्बूत कारखान्यावर काम मिळालं, यूसुफला घेऊन आम्ही इथं आलो, तेव्हा सगळं नुसतं बांधकाम आणि धूळ, बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. मी क्लिनिकमध्ये नर्स लागल्ये. इब्राहिमला भटकायचं वेड, सुट्टी मिळाली की गाडी काढायचा, खाली जिझानपर्यंत, वर हाइलपर्यंत. हाइलला पहिल्यांदा गेलो तेव्हा तासन् तास नुसती वाळू, आणि एकदम समोर गहू, हिरवागार, वाऱ्यावर हलणारा. इब्राहिमने गाडी थांबवलीन. मी खाली उतरल्ये आणि मला रडू कोसळलं, कारण आई ज्या गव्हाच्या गोष्टी सांगायची, जो मुलूख मी डोळ्यांनी कधी बघितलाच नाय, तो वाळवंटात माझ्यासमोर उभा. शेतावरचा येमेनी माणूस धावत आला, त्याला वाटलं बाईला काही झालं, त्याने आम्हाला बसवलंन, चहा दिलान, गरम रोटी दिलीन. त्या गव्हावर मी कविता केली, ती अजून तोंडपाठ आहे.

आता ते सांगत्ये ज्याच्यासाठी तुम्हाला बसवलं. बाप आजारी पडला, भावाने कळवलं तशी मी एकटी गेल्ये जर्मनीला. आई तोवर गेली होती. बाप तापात होता आणि झोपेत त्याचा हात सारखा वर जायचा आणि खाली यायचा, जसा सिग्नलचा दांडा ओढतोय. एका दुपारी शुद्धीवर आला आणि आढ्याकडे बघून बोलायला लागला. म्हणाला, त्या स्टेशनावर मालगाड्या थांबायच्या, पुढची लाइन मोकळी नसली की तासन् तास थांबायच्या. डबे बंद, वर जाळीची लहान खिडकी, आणि तिच्यातून बोटं बाहेर यायची. पाणी पाणी म्हणायची. आणि पाण्याचा पंप माझ्या केबिनला लागूनच होता, म्हणाला. मी विचारलं, दिलंत का बाबा. तर म्हणाला, मला फक्त सिग्नल द्यायचं काम होतं. पुढे दोनचार दिवस होता, पण ह्याच्यावर परत बोलला नाय. कोण माणसं होती ती, कुठं नेत होते, ते जगाला माहीत आहे, मी काय वेगळं सांगू. कोणी परत आलं नाय.

यान्बूला येऊन मी फक्त इब्राहिमला सांगितलं. तो उठून दार लावून आला. मग म्हणाला, पोराला उठून सांगायला जाऊ नको, पण कधी खोटं बोलायची वेळ आली तर खोटं बोलू नको. मी ते पोटात ठेवलं. गव्हावर कविता झाली, खाडीवर झाली, इब्राहिम गेला तेव्हा त्याच्यावर झाली, बापावर मात्र एक ओळ जमली नाय. यमक जुळलं की वाटायचं मी लबाडी करत्ये.

आणि हे इथं, बाहेर जगात, कसं चालायचं बघा. टॅक्सीवाला असो, बाजारातला दुकानदार असो, खाडीवरचा मास्तरसुद्धा, मी जर्मन म्हटलं की चेहरा फुलायचा, आणि लढाई पेटवणाऱ्या त्या मिशीवाल्याचं नाव घ्यायचे, मोठा माणूस, कडक माणूस. माझा मान म्हणून बोलायचे हो, पाहुणीला बरं वाटावं म्हणून. मी मान खाली घालून पुढे जायची. किती वर्षं गेल्ये तशी.

अलीकडची गोष्ट. जुम्म्याची नमाज झाल्यावर यूसुफने त्याच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर जेवायला आणलान, श्रीवर्धनकडचा, अदनान नाव, मनाने फार मऊ पोरगा. मी सांदण केलं होतं, सून शबनमने मासे तळलेन. टीव्ही चालू होता आणि त्याच्यावर तेच, हल्ली रोज असतं तेच, पडलेल्या इमारती, धुळीने पांढरी झालेली पोरं, एक बाई टँकरपाशी भांडं धरून उभी. अदनानच्या डोळ्यांत पाणी आलं, घास ताटात ठेवलान. आणि मग म्हणाला, चाची, तुमच्या देशात होता ना तो, हे ज्यांनी पाडलं ना, त्याने ह्यांचं बरोबर केलंन, आज तसा एक हवा.

मी म्हटलं, ह्यांचं म्हणजे कोणाचं, बाळा.

तो म्हणाला, तुम्हाला माहीत आहे चाची.

मी म्हटलं, होय, मला माहीत आहे. आणि मग मी सांगितलं. गाड्या, त्यांत कोंबलेली ह्यांचीच माणसं, जाळी, बोटं, पंप. तो दांडा ओढणारा माझा बाप. मी म्हटलं, ती भांडं धरलेली बाई बघून तुझा घास अडकला, हे चांगलंच आहे, माझा पण अडकतो, पण मग त्या जाळीतल्या बोटांवर तुझा घास का अडकत नाय, ती पण पाणीच मागत होती. मी आवाज चढवला नाय.

अदनान उठला, हात धुतलेन, सलाम करून गेला. यूसुफ त्याला खाली सोडून आला आणि माझ्यासमोर बसला. पन्नाशीला आलेला माझा मुलगा, म्हणाला, अम्मी, हे मला कधी बोलली नाहीस. मग मी कोणाचा नातू आहे. मी म्हटलं, खाडीवर बोटी हाकणाऱ्या तुझ्या अब्बांच्या बापाचा पण आहेस आणि माझ्या बाबांचा पण. तो म्हणाला, पाहुण्यासमोर सांगितलंस, मला एकट्याला सांगितलं असतंस. बरोबरच होतं त्याचं.

आणि स्वयंपाकघराच्या दारात सना उभी होती, माझी नात. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते, मी मराठीत बोलत्ये आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. तिने विचारलंन, दादी, डिड ही गिव्ह देम वॉटर. म्हणजे दिलं का त्याने पाणी, शेवटी तरी. मी म्हटलं, नाय गं. मग ती म्हणाली, आणि तू त्याच्यावर प्रेम करायचीस. मी म्हटलं, होय. माझे बूट सुकवायचा तो. ती आत निघून गेली. त्यानंतर माझ्या शेजारी बसून टीव्ही बघणं बंद, जेवताना मान वर नाय. पोरीने मनातल्या मनात मला कुठल्यातरी कोर्टात उभं केलेलं मला दिसत होतं, आणि मी काय सांगणार तिला, मी स्वतः त्या कोर्टात आयुष्यभर बसल्ये.

शबनम माझ्यावर रागावली, भांडी जोरात ठेवायची. तिचं पण चुकलं नाय. आधीच घरात ताण होता. समुद्रात जहाजांवर हल्ले, आकाशातून काय येईल नेम नाय, कारखान्यावर रोज नवी सूचना. आजूबाजूची कुटुंबं आपापल्या बायकापोरांना मायदेशी धाडायला लागली. शेवटी यूसुफने ठरवलंन, शबनम आणि सना महाडला शबनमच्या माहेरी जातील, शाळा तिकडेच, सध्या तरी. मला पण जा म्हणाला. मी म्हटलं, मी नाय जात. जर्मन सरकारचे पण फोनवर मेसेज येतात, नाव नोंदवा, विमान आलं तर कळवू. तिथं माझं आता कोण उरलंय. आईने एकदा घर सोडलंन आणि मरेपर्यंत ते घर डोक्यावर घेऊन फिरली. माझ्याच्याने ते होणार नाय. इब्राहिमला इथं पुरलंय, इथल्या रिवाजाने कबरीवर नाव नाय, साधा दगड, बायकांना आत जाता पण येत नाय, यूसुफ मला भिंतीबाहेर गाडीत बसवतो आणि मी तिथूनच बोलत्ये. आणि यूसुफ एकटा राहिला तर तो जेवायचा नाय, पाव आणि चहा.

त्या दोघी गेल्या त्या सकाळी सनाने मला मिठी मारलीन, पण कशी, पाहुण्यांना मारतात तशी. विमानतळावर मी गेल्ये नाय. घरात आवाजच नाय राहिला. टीव्ही मी लावत नाय आणि न लावून पण राहवत नाय. कोणाचं चुकतंय, कोण बरोबर, माझ्या ह्या वयात मला विचारू नका, मला फक्त एवढं कळतं की आता सगळं जग फोनमध्ये बघतंय, मी पण बघत्ये, आणि बघून झालं की चहा ठेवत्ये. बाप घरी येऊन जेवायचा तेव्हा त्याच्या मनात काय असेल, ते मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, आणि ते कळायला नको होतं.

काल सनाचा फोन आला, अब्बाशी बोलून झाल्यावर म्हणाली, दादीला दे. तिकडे महाडला तिची नानी आणि सगळे मराठीच बोलतात, म्हणून असेल, पहिल्यांदाच मराठीत बोलली, अडखळत. म्हणाली, दादी, त्यांचं नाव काय होतं. मी म्हटलं, कोणाचं. म्हणाली, तुझ्या बाबांचं.

कितीतरी वर्षांत ते नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. मी सांगितलं, कार्ल. तिने म्हणून बघितलंन, ल जरा जड झाला तिचा, मी दुरुस्त केलं, तिने परत म्हटलंन. मग म्हणाली, आणि गाडीतल्या माणसांची. मी म्हटलं, ती मला ठाऊक नाय गं बाळा. माझ्या बाबांना पण ठाऊक नव्हती. ती म्हणाली, ओके, आणि फोन ठेवलान.

ती ह्याचं काय करणार आहे मला माहीत नाय. अल्ला तिला सांभाळो, आणि अदनानला पण, तो काही वाईट पोरगा नाय, ईदला आला नाय पण मी त्याच्यासाठी दुआ करत्ये. तुमची पण पोरंबाळं सुखात राहोत, ताई. हे लिहा, जसं सांगितलं तसंच लिहा, गोड करू नका. आता यूसुफ यायची वेळ झाली, भात टाकत्ये.