धाब्यावरची रेघ

—मग बैस ना वं राखी, उभ्या उभ्या भांडण ऐकू नये, वाढतं ते. तू तिसऱ्या माळ्यावरची नवी सून, तुला माहीत नसेल, पण ह्या बिल्डिंगीत कोणाचं वाजलं की आधी सुभद्रामावशीकडे येतात, मग पोलिसाकडे. आणि पोलिसापर्यंत आजवर कोणी गेलंच नाही! सुरतेच्या अख्ख्या लिंबायतमध्ये विचार कोणालाही.

आता ही सरला आणि ही रंजना. दारासमोर दार, आणि दोघींना ज्वारीचे बिबडे, पापडच म्हण ना, वर गच्चीच्या धाब्यावर वाळवायचे एकाच आठवड्यात. ही म्हणे, माझी अंथरलेली साडी तिनं सरकवली. ती म्हणे, तुझ्या साडीलाच पाय फुटले असतील. मी काय केलं? रांगोळी घेतली आणि मधोमध रेघ मारली – इकडं तुझे बिबडे, तिकडं तिचे. मिटलं? कुठलं मिटतं! सकाळी रेघ बरोबर असते वं, पण दुपारी पाण्याच्या टाकीची सावली फिरते ना, ती सगळी रंजनाच्या वाट्यात. तिचे बिबडे ओलेच! आली रडत. मी रेघ सरकवली. मग सरला आली तणतणत. पुन्हा सरकवली. आठ दिवस झाले, एक सकाळी येते, एक दुपारी – चहा इथंच, माझ्याच हातचा. आमचा पोरगा अमोल तिकडं हजीऱ्याला कंपनीच्या खोलीत, फोन करतो रविवारचा. मग मला बोलायला माणूस नको का?

काय म्हणालीस? सावली पहिल्या दिवशी दिसली नव्हती का? – दिसली की. वीस वर्षं माझे बिबडे त्याच धाब्यावर वाळले. पण न्याय असा एका दिवसात थोडाच... काय? मिटलं? कोणी मिटवलं? आपसात? एकाच साडीवर दोघींचे बिबडे?

माय वं!

बरं झालं. चांगलंच झालं की. – आणि मला कोणी विचारलं? पंचाला न विचारता परस्पर गोड व्हायचं, ही कुठली रीत? ऊठ तू. धाब्यावर जाऊन सांग दोघींना – सुभद्रामावशी रागावली म्हणावं, आता भांडण माझ्याशी आहे. आणि हे काही एका दिवसात मिटायचं नाही, रोज यावं लागेल. जा. – अगं, जा ना, दोघी खाली उतरून आपापल्या घरात शिरतील!